घरातली माणसं सत्तावीस

मुक्काम खालचीवाडी, तालुका रत्नागिरी
४ मे, दुपार (लाइट गेलेली आहे, पंखा बंद आहे, मजकूर गरम लागला तर निम्मं कारण हे धरावं.)

चि. भावेश यास,

कमळाआत्याचे आशीर्वाद, जितके तुझ्या वाट्याला येतात तितके सगळे. तू, हेतल आणि छोटी ऋतिका सुखरूप असाल असं मी आपलं धरून चालते, कारण विचारायला फोन केला की तू "आत्ते, मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवून देतोस. टेलिफोन एक्सचेंजमध्ये अडतीस वर्षं काढलेल्या बाईला मीटिंगमधला आवाज आणि सोफ्यावरचा आवाज यांतला फरक कळतो, एवढं ध्यानात ठेव. म्हणून हे पत्र. ते मध्येच कट करता येत नाही. हेतलची पाठ कशी आहे? तिला म्हणावं जमिनीवर झोप, गादीने पाठी बिघडतात. माझी तब्येत ठणठणीत आहे. चष्म्याचा नंबर जरा बदललाय, बाकी काही नाही. अक्षर मोठं आलंय ते त्यामुळे, रागामुळे नव्हे. राग वेगळा आहे, तो आता येतो.

तुझ्या ऑफिसने टोल रस्त्याचा आणि शटलगाडीचा जो अहवाल केला, तो मी माहितीच्या अधिकारात मागवला आणि सबंध वाचला. दोनशे चौदा पानं. तो शेवटपर्यंत वाचलेली जगात मी एकटीच असेन, लिहिणाऱ्यासकट. त्यातली योजना कागदावर गोंडस आहे: रस्त्यावर टोल घ्यायचा, कर्जाचे हप्ते फेडून जे उरेल त्यातून रत्नागिरीची शटल चालवायची, डबे वाढवायचे आणि खालचीवाडीसारख्या गावांना हॉल्ट द्यायचा. हॉल्ट मिळाला, नाही म्हणत नाही. गेल्या दिवाळीपासून सकाळी सात बेचाळीसला शटल आपल्या वाडीत एक मिनिट थांबते आणि एकोणीस मिनिटांत रत्नागिरीला टेकवते. (एसटीला दीड तास लागतो, तोही ती आली तर.) सोनूबाई खाडीची मासळी घेऊन त्याच गाडीने बाजारात जाते, पाटी डोक्यावर घेऊन एसटीची पायरी चढणं तिच्या गुडघ्यांना जमत नाही. आणि आता हाच हॉल्ट जुलैपासून बंद करायचं घाटतंय. कारण टोलला तोटा आहे! म्हणून खर्च कापायचा, आणि ज्या हॉल्टवर रोज साठापेक्षा कमी उतारू चढतात तो पुसून टाकायचा. आपल्याकडे चढतात चौतीस.

आता पान त्रेसष्ट उघड. "खालचीवाडी: घरटी सरासरी माणसं एकोणीस." पान चौसष्ट: "पैकी रोज ये-जा करू इच्छिणारी अकरा." अरे, वाडीत घरं एकतीस, त्यांतल्या बारांना कुलूप, आणि उरलेल्यांत सरासरी अडीच माणसं, त्यांतलं ते अर्धं अंथरुणाला खिळलेलं! एकोणीस कुठून आली? तर तुम्ही शहाणे मोजायला आलात गणपतीत. कोकणातली माणसं आणि गाड्या मोजायला वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांतला तोच आठवडा सापडला तुम्हाला (ऑफिसच्या खर्चात घरचे मोदक, हेही मी समजू शकते). शिवाय इथली रीत तू विसरलास. शिमग्यात पालखी दारात आली की माणशी एक नारळ द्यायचा, आणि तो मुंबईची माणसं धरून. तुझ्या नावाचा नारळ मी दर वर्षी देते. तू इथे राहत नाहीस म्हणून तुला वगळलं तर पालखीला काय सांगू, पोरगं वजा केलं म्हणून? त्यामुळे दारात उभं राहून कोणी "घरात माणसं किती?" विचारलं की वाडीतला माणूस मुंबई, पुणे, दुबई धरूनच आकडा सांगतो. विचारणाऱ्याला हे ठाऊक हवं. तू तर ह्याच ओसरीवर रांगलास.

परिणाम बघ. टोलनाक्याला आठ खिडक्या, उघड्या असतात दोन. तिसरीत चिमणीने घरटं केलंय. चौथ्या लेनमध्ये शेजारच्या तुळसाची म्हैस बसते. तिला टॅग नाही म्हणून दांडा वर जात नाही, आणि ती उठत नाही म्हणून लेन सुरू होत नाही. मॅनेजर रितेश नावाचा मुलगा आहे, आतल्या गावचा, गळ्यात टाय, बोलायला मऊ. दिवसभर तो आणि म्हैस एकमेकांकडे बघत असतात. आणि हा नाका ठोकलाय कुठे, तर माझं घर आणि बाकीची वाडी यांच्या बरोबर मध्ये. गिरण पलीकडे, पोस्ट पलीकडे, डॉक्टर पलीकडे. गाडी काढून पावशेर रवा आणायला गेले की जाताना टोल, येताना टोल. स्थानिकांना पास मिळतो म्हणून अर्ज करायला बसले. संगणक विचारतो, नाक्यापासून घराचं अंतर किलोमीटरमध्ये सांगा. मी टेपने मोजलं होतं, तेवीस मीटर. शून्य भरलं तर म्हणतो योग्य अंतर भरा. एक भरलं तर पाहणीला माणूस आला आणि "अर्जदार दिलेल्या अंतरावर राहत नाही" असा शेरा मारून गेला. हे त्याने माझ्या ओसरीवर बसून, माझ्या पेनाने लिहिलं.

मग माझं डोकं फिरलं. आपल्या बागेचं मागचं बेडं तुला आठवत असेल, तेच तीन आडवे बांबू, ज्यांना तू उलटा लटकून रडायचास. ते मी काढलं. बागेतली बैलगाडीची जुनी वाट नाक्याला वळसा घालून पलीकडे वाडीत निघते. म्हटलं, मी माझ्या जमिनीतून जाईन, बघू कोण अडवतो. दुसऱ्या दिवशी मागून डॉक्टरांची गाडी आली. तिसऱ्या दिवशी वडाप जीप. आठवड्याने चिऱ्याचे ट्रक यायला लागले आणि मोहोरावर लाल धुळीचे थर बसले. वाटेत असे खड्डे पडले की त्यांत बदक पाळावं. तेव्हा बेडं परत लावलं आणि नियम केले, कारण नियमाशिवाय माणसं जनावरासारखी वागतात, हे मला कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी पट्टीने शिकवलंय. जीपने एक घमेलं खडी टाकायची, ट्रकने दोन चिरे उतरवायचे. डॉक्टरांना माफी. दुपारी एक ते तीन वाट बंद (मी झोपते). वही घातली: गाडीचा नंबर, वेळ, काय दिलं, उद्धट बोलला का. सोनूबाई पाटी टेकवून हे सगळं बघत होती. म्हणाली, "सरकारचा नाका परवडला गो बाय, तो निदान पावती तरी देतो." मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवसापासून पावती द्यायला लागले.

पण माणसांची लबाडी बघ! चार महिने टोल न भरता वाट वापरली, तिची डागडुजी माझ्या डोळ्यांदेखत झाली, तरी एक घमेलं खडी टाकायला यांचे हात दुखतात. शेजारच्या भागोजीने त्याच्या परड्याची, माझ्या बागेतल्या वाटेवर निघणारी कवाडी उघडून दिली आणि जीपवाले माझं बेडं चुकवून तिकडून जायला लागले. एक चिमूट तंबाखू दिली की भागोजी सोडतो. मी जाब विचारायला गेले तर म्हणतो, "आत्ये, तू सरकारचा टोल चुकवतेस, ते तुझा चुकवतात. मी आपला मधला माणूस." माझ्या बागेत उभं राहून मला हे! मी त्याला म्हटलं, माझा प्रश्न तत्त्वाचा आहे. तो म्हणाला, त्याचा तंबाखूचा आहे.

एप्रिलच्या मध्यात रितेश नोटीस घेऊन आला. नाक्यावरून सरळ आला असता तर तेवीस मीटर, पण बिचारा रीतसर मागून, बेड्यावर आला. "मॅडम, आत येऊ?" मी म्हटलं, "घमेलं कुठंय?" तो परत गेला आणि टोलच्याच ढिगातली खडी भरून घेऊन आला. मी पावती दिली. ती त्याने खिशात नीट घडी करून ठेवली, तेव्हाच मला तो मुलगा आवडला. कोकम सरबत घेताना त्याने माझी वही मागितली, अर्धा तास वाचली आणि म्हणाला, "मॅडम, आमच्यापेक्षा तुमच्या नोंदी चोख आहेत." मी खूश होऊन सरळ बसले. मग तो म्हणाला, "ह्यात रोजच्या एकशे सत्तर गाड्या आहेत. एवढ्या माझ्याकडून गेल्या असत्या ना, तर तुमच्या हॉल्टवर कोणी बोट ठेवलं नसतं." आवाज चढवला नाही, नोटीसही काढली नाही. सरबत संपवून पेला स्वतः विसळून गेला.

भावेश, मला आयुष्यात पुष्कळांनी सुनावलं आहे. ट्रंक कॉल लागला नाही म्हणून एका माणसाने मला बाराव्याला येण्याची धमकी दिली होती. पण माझ्याच अक्षरात, तारीखवार, पावती क्रमांकासकट माझ्याविरुद्ध पुरावा मी पहिल्यांदा पाहिला. टोलवाल्यांना उपाशी मारताना मी शटलच्याच तोंडचं काढत होते, आणि वर वही ठेवत होते. तुम्ही अहवालवाले मूर्ख आहात ह्या मतात तेवढ्याने फरक पडलेला नाही. फक्त त्या मूर्खांच्या यादीत एक नाव वाढलं, ते मी इथे लिहिणार नाही.

वीस एप्रिलला बेडं कायमचं बंद केलं आणि भागोजीच्या कवाडीसमोर, माझ्या हद्दीत, जमलेले सगळे चिरे रचून घेतले. चांगली कमरेएवढी भिंत झाली. वाडी माझ्यावर नाराज आहे. जीपवाले हॉर्न न वाजवता पुढून जातात (हा अपमान आहे, शांतता नव्हे). भागोजी तंबाखू विकत घेतो आणि घेताना माझं नाव घेतो. नाक्यावर आता तिसरी खिडकीही उघडावी लागणार, पण चिमणीची पिल्लं उडेपर्यंत थांबू असं रितेश म्हणाला. टोलचं हळूहळू ठीक होईल. उतारू मात्र चौतीसच आहेत. जून महिन्यात, पंधरा ते एकवीस तारखेला, फेरमोजणी आहे. ह्या वेळी सण नाही, सुट्टी नाही, असा आठवडा त्यांनी मुद्दाम शोधलाय. म्हणजे तुमच्या ऑफिसला अक्कल आली, पण नेमकी चुकीच्या वेळी.

असो. तू कामाचा माणूस, तुझा वेळ जास्त घेत नाही. हेतलला आशीर्वाद, ऋतिकाला पापा. पत्र मिळाल्याचं कळव, आणि सोफ्यावरूनच कळव, चालेल.

तुझी,
कमळाआत्या

ता. क. पान त्रेसष्टच्या तळटीपेत "एका कुटुंबात सत्तावीस सदस्य असल्याचे आढळले" असं आहे. तुझ्याबरोबरच्या मुलाने विचारलं तेव्हा तू आत मोदक खात होतास. तो आकडा मी सांगितला. इंग्रजीत सांगितला, त्यामुळे त्याने परत विचारलं नाही. मी रीतीप्रमाणे सांगितलं होतं आणि नावं घ्यायला लावली असती तर सगळी घेतली असती. अजूनही घेईन.

ता. ता. क. म्हणून असं कर. ह्या वर्षी मे महिन्यात कोणी येऊ नका. रजा एकदाच मिळते, ती जूनमध्ये घ्या. पंधरा तारखेच्या आत सगळे या आणि सातही दिवस सकाळी सात बेचाळीसची शटल पकडा, संध्याकाळी परत या. रत्नागिरीत दिवसभर काय करायचं ते ज्याचं त्याने बघावं, समुद्र आहे. हापूस तेव्हा मिळणार नाही, खोटं बोलत नाही. फणस आहे आणि आंबापोळी मी घालून ठेवलीय. ह्याला लबाडी म्हणू नकोस. मी सत्तावीस म्हटलं होतं, ते खरं करून दाखवायचं आहे. सत्तावीसांतली मी आधीच चौतिसांत मोजलेली आहे, म्हणजे तुम्ही सव्वीस. चौतीस आणि सव्वीस साठ. एकही कमी चालणार नाही. (ऋतिकाला नऊ जूनला पाच पूर्ण होतात, त्यामुळे तिचंही तिकीट लागतं. तारखा मी ठरवलेल्या नाहीत.) गाड्या घेऊन येणाऱ्यांनी टोल भरावा. पावती मी बघणार आहे.

ता. ता. ता. क. चष्म्याचा नंबर बदललेला नाही. उजव्या डोळ्यात मार्चपासून दर महिन्याला इंजेक्शन घ्यावं लागतं, रत्नागिरीला. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केलीय. मारुती तेव्हापासून पडवीत उभी आहे. बाजाराला रोज आणि इंजेक्शनला महिन्याने, मी शटलनेच जाते. येताना डोळ्यावर पट्टी असते, तेव्हा आपला हॉल्ट आला की सोनूबाई सांगते, आणि पाटी एका हाताने धरून दुसऱ्याने मला उतरवते. हे तुझ्या बाबांना सांगायचं नाही. फोन करून रडायचंही नाही. मोजणीवर तुझंच ऑफिस येणार असं रितेश म्हणाला. तेव्हा साहेबांना आताच सांगून ठेव की त्या आठवड्यात तू मोजणाऱ्यांत नसशील, मोजल्या जाणाऱ्यांत असशील.