चौदाव्या भागातलं नाव

४ ऑक्टोबर, शुक्रवार

"यादीत तुझं नाव मी घातलं, कारण आरडाओरडा न करणारी तू एकटीच आहेस."

योम जे-हाक. बुटांच्या कंपनीतला माझा टीम लीडर. पंधरा वर्षं झाली. ते आयएमएफचं वर्ष होतं, देश कर्जात बुडालेला, सोलमधल्या प्रत्येक ऑफिसात कामावरून काढायच्या माणसांच्या याद्या निघत होत्या. आमच्या टीममधून एक नाव द्यायचं होतं. सकाळी त्याने दिलं, दुपारी जिन्यात गाठून मला हे सांगितलं. आवाज इतका मऊ, की मी मान डोलावली. दोन वर्षं आमचं चाललं होतं, ऑफिसात कुणाला पत्ता नव्हता. मी पेटी भरली, कुंडी घेतली, घरी आले. ओरडले नाही. त्याचा अंदाज बरोबर निघाला, हे जास्त झोंबतं.

सोमवारपासून टीव्हीवर मी लिहिलेली मालिका. सोळा भाग. ऑफिस आहे, प्रेम आहे, बंद पडणारी लिफ्ट आहे. सो-दाम नावाची कंत्राटावरची मुलगी आहे. आणि तिचं नाव यादीत घालणारा टीम लीडर योम आहे. आडनाव मुद्दाम तेच. पुढचं नाव दिलंच नाही. ऑफिसात माणसाला नावाने हाक मारतं कोण? टीम लीडर म्हणजे टीम लीडर.

चौदाव्या भागात त्याला गुडघ्यावर आणणार. खाली प्रवेशद्वाराशी, जेवणाच्या सुट्टीत, सगळ्या कंपनीसमोर. ते दृश्य पंधरा वर्षांपासून तयार आहे. बाकीचे पंधरा भाग मी त्याच्याभोवती बांधलेत.

८ ऑक्टोबर, मंगळवार

दुसरा भाग गेला. डो थे-उन हा नट कमाल आहे. मी जे जे लिहिलं ते सगळं करतो. टायच्या टोकाने चष्मा पुसतो. संत्रं सोलून साल शेजारच्याच्या टेबलावर ठेवतो. "आपण घरचेच ना" म्हणत स्वतःचं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. भाग संपला. मग एकदम भूक लागली. दोन वाट्या भात खाल्ला.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

प्रेक्षकांचा आकडा सतरा टक्क्यांवर. वाहिनीवाले खूष. दिग्दर्शक जू यांचा फोन —

"लेखिकाबाई, एक गंमत झालीय. लोकांना टीम लीडर आवडायला लागलाय."

"कोणाला?"

"बायकांना. म्हणतात, तो एकटा आहे, त्याच्या डोळ्यांत काहीतरी आहे."

"त्याच्या डोळ्यांत काही नाहीये. मी लिहिलेलं नाही."

"अहो, नटाने घातलं असेल. त्याला जरा मऊ करता का?"

मी म्हटलं, बघते. बघणार नाही.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

आज सेटवर कॉफीची गाडी आली. टीम लीडरच्या चाहत्यांनी पाठवलेली. वर फलक — 'योम साहेब, तुमची बाजू आम्हाला कळते.' शंभर माणसं ती कॉफी प्यायली. मलाही कप आणून दिला. घेतला नाही.

लेखिका मी. त्याची बाजू मलाच माहीत नाही आणि यांना कळते!

५ नोव्हेंबर, मंगळवार

जू रोज फोन करतात. लोकांना सो-दाम आता त्याचीच झालेली हवी आहे म्हणे. लिहून ठेवलेले भाग कधीच संपले. आता सकाळी मी पानं पाठवते, दुपारी ते शूट करतात, रात्री दहाला देश बघतो. म्हणजे माझ्या हातून सुटलेलं परत घ्यायला वेळ कोणालाच नाही. मलाही नाही.

हेच बरं आहे. विचार करायला वेळ मिळाला की त्या माणसाला सहानुभूती मिळते.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

मधल्या बहिणीने जोन्जूहून किमचीची नवी बरणी पाठवली. फोनवर म्हणाली, "तुझा तो योम वाईट आहे, पण देखणा आहे गं." सख्खी बहीण! तिला मी जे-हाकबद्दल कधी सांगितलं नाही. कोणालाच नाही. ओरडले नाही म्हणजे सांगितलंही नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. इथे तरी.

सकाळी प्रवेशद्वाराचं दृश्य लिहिलं. त्याने सो-दामपुढे गुडघे टेकल्यावर ती त्याला पहिल्यांदा पुऱ्या नावाने हाक मारते. पद नाही, साहेब नाही, नुसतं नाव. त्यासाठी मी एक बनवलेलं नाव ठरवलं होतं, योम सू-ह्योक. अकराला पानं पाठवली.

बारा वाजून दहा मिनिटांनी परत वाचायला घेतली. तिथे 'योम जे-हाक' लिहिलं होतं. मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. बोटांनी लिहिलं.

शूटिंग एकला होतं. फोन समोर होता. एक वाक्य बोलायचं होतं — नाव चुकलंय, बदला. तिथे चूक कोणाच्या लक्षात येणं शक्यच नव्हतं, कारण तेरा भागांत त्याला नावच नव्हतं. मी संत्रं सोललं. खाल्लं. दुसरं सोललं. एक वाजून गेला.

संध्याकाळी जू म्हणाले, "नाव इथवर राखून ठेवलंत. मानलं तुम्हाला. युनिटमधली दोन माणसं रडली."

रात्री दहा वाजून पन्नास मिनिटांनी सो-दाम ओरडली, "योम जे-हाक!" मी उठून उभी राहिले. माझ्या बैठकीच्या खोलीत, एकटी. इतकं बरं मला पंधरा वर्षांत वाटलेलं नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

आकडा चोवीस. त्याचं नाव आज नेटवर देशात सर्वांत जास्त शोधलं गेलं.

समाधान होईना. दुपारी मालिकेच्या नेटवरच्या पानावर, जिथे प्रेक्षक लिहितात, तिथे खोट्या नावाने लिहिलं — 'हा माणूस खरा आहे. आयएमएफच्या वर्षी सोलमध्ये मी त्याच्या हाताखाली होते. त्याने माझं नाव यादीत घातलं.'

तासाभरात नऊशे उत्तरं. 'शोधून काढू या.' 'आता पन्नाशीचा असेल.' 'कुठेतरी मजेत टीम लीडरच असेल.'

हो, असेल. शोधा.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

राहवेना. बुटांच्या कंपनीतली एकच मुलगी माझ्या संपर्कात आहे, म्योंग-ओक. मुलगी कसली, चाळीस झाली. तिला फोन केला, सहज केल्यासारखा.

"ताई, मला वाटलंच तुम्ही फोन कराल. काय नाव घातलंत हो!"

"त्याने बघितलं असेल का गं?"

"कोणी? जे-हाक साहेबांनी? अहो, ते दहा वर्षांपूर्वीच कॅनडाला गेले. लाँड्री आहे त्यांची. चर्चमध्ये गातात. माझ्या नवऱ्याचा भाऊ तिथेच असतो ना. कोरियन मालिका बघायला वेळ कुठे त्यांना."

"पण कोणीतरी सांगेल. नाव ऐकून."

"नाव तरी कुठे राहिलंय ताई. तिकडे त्यांना सगळे पीटर म्हणतात."

पीटर.

फोन ठेवून मी बराच वेळ भांडी घासली. शेवटच्या भागात टीम लीडरला कॅनडात पाठवू का? तिथे बर्फात मारू का? पण वाहिनी परवानगी देणार नाही, आणि पीटर बघणार नाही.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

जूंनी एक पत्र पुढे पाठवलं. वाहिनीच्या तक्रार विभागात आलेलं.

देजॉनहून. पाण्याची मीटरं बनवणाऱ्या एका कंपनीतला टीम लीडर, वय एकावन्न. नाव योम जे-हाक.

पत्रात राग नाही. 'आपली मालिका उत्तम आहे' अशी सुरुवात. मग — ऑफिसात लोक लिफ्टमध्ये विचारतात, साहेब, गुडघे कसे आहेत? मी हसतो. हसावं लागतं. बुधवारी कोणीतरी मालिकेच्या पानावर लिहिलं की हा माणूस खरा आहे. तेव्हापासून लोक विचारत नाहीत. मी लिफ्टमध्ये शिरलो की गप्प होतात. ते लिहिणारी व्यक्ती कोण हे कळू शकेल का? तिचा गैरसमज झाला आहे.

जूंना फोन केला. म्हणाले, "असे पाच-दहा जण देशात असणारच. 'पात्रं काल्पनिक' अशी ओळ मोठ्या अक्षरांत टाकू. तुम्ही फोन करू नका हं, लेखिकाबाई. उद्या कोर्टात जाईल."

ते बुधवारचं कोणी लिहिलं हे मी जूंना सांगितलं नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

पत्रातल्या नंबरवर आज देजॉनला फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "जेवलात का?"

मीच मग सगळं सांगितलं. जिना, यादी, चुकलेलं नाव, सोललेली संत्री, बुधवारचं लिहिणं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा कोणाला सांगितलं, तर या माणसाला.

सगळं ऐकून घेऊन ते शेवटी म्हणाले, "म्हणजे ते तुम्हीच लिहिलंत होय. बरं झालं कळलं. मी विचार करत होतो की माझ्या हातून कोणाचं काही झालं होतं का. त्या वर्षी मीही सोलमध्येच होतो."

"तुम्ही? कुठे?"

"एका छापखान्यात. यादी निघाली तेव्हा माझं नाव वरून तिसरं होतं. तेव्हा देजॉनला आलो."

मी म्हटलं, मी लेखी माफी मागते, वाहिनीवर वाचून दाखवायला लावते. ते म्हणाले, नको, आणखी बोभाटा होईल, लोक दोन आठवड्यांत विसरतील. मग पुढे —

"एक जण विसरणार नाहीत, एवढंच. आमच्या पाठवणी विभागात एक बाई आहेत. नवरा गेला त्यांचा, सहा वर्षं झाली. वर्षभर आम्ही कँटीनमध्ये एका टेबलावर जेवतो. जेवायचो. तुमची मालिका त्याच मला सांगायच्या, पहिल्या भागापासून. तुमच्या टीम लीडरचा त्यांना फार राग. बुधवारी विचारलं, तुम्हीसुद्धा त्या वर्षी सोलमध्येच होतात ना? मी हो म्हणालो. खोटं कसं बोलू? गुरुवारपासून त्या खिडकीजवळ बसतात."

"तुम्ही सांगितलं नाही, की तो तुम्ही नव्हे?"

"त्यांनी विचारलंच नाही. न विचारता सांगायला लागलो, तर त्या माणसासारखंच दिसेन ना?"

डिसेंबरात त्या बाईंना समुद्राकडे चला म्हणायचं ठरवलं होतं म्हणे. हे सांगताना ते हसले. मला म्हणाले, "थंडी वाढलीय, सांभाळा."

असा मऊ आवाज मी एकदाच ऐकला होता, जिन्यात. आज पहिल्यांदा तो खरा होता.

२५ नोव्हेंबर, सोमवार

पंधराव्या भागाची पानं दिली. टीम लीडरचं काय केलं ते आठवतही नाही. मालिकेच्या पानावर खऱ्या नावाने लिहिलं, की बुधवारचं मी लिहिलं होतं आणि तो माणूस देजॉनचा नाही. चाळीस मिनिटांत वाहिनीने ते काढून टाकलं. जू म्हणाले, "वेड लागलंय का तुम्हाला? उद्या शेवटचा भाग आहे."

२६ नोव्हेंबर, मंगळवार

शेवटची पानं सकाळीच पाठवली. मग देजॉनला निरोप लिहिला — त्या बाईंचं नाव सांगाल का? मी उद्याची पहिली गाडी पकडून येते, दुपारी कँटीनमध्ये त्यांच्यासमोर बसते आणि यादी, जिना, पीटर, सगळं सांगून परत जाते. तुम्हाला तिथे थांबावं लागणार नाही.

नाही म्हणतील. माझ्या हातात आता कोण कुणाचं नाव देईल?