ऑफिलियाच्या तोंडातील नाण्याबाबत

प्रति,
मा. बाजार व नाणे तपासणी अधिकारी,
ओस्तिया बंदर, रोम.

विषय : मयत पत्नीसोबत पुरलेले काशाचे नाणे काढून खरवडण्यापासून सूट मिळणेबाबत.
संदर्भ : माझ्या दारावर रंगवलेली आपली नोटीस.

महोदय,

मी गायस नोवेल्लियस, धंदा दोरखंड वळण्याचा, राहणार धक्क्यामागे, अर्ज करतो की,

१. माझी पत्नी ऑफिलिया या हिवाळ्यात तापाने वारली. मृतांना नदीपलीकडे नेणाऱ्या नावाड्याचे भाडे म्हणून रीतीप्रमाणे तिच्या तोंडात नाणे ठेवून तिला पुरले. नाणे तिनेच निवडून ठेवले होते. त्यावर दोघे सम्राट बंधू हातात हात देऊन उभे आहेत व भोवती ‘एकोपा’ असे लिहिले आहे. पुढे थोरले सम्राट एकटेच उरले, हे आपण जाणताच.

२. त्यानंतर धाकट्यांचा चेहरा प्रत्येक नाण्यावरून खरवडण्याचा हुकूम निघाला. आपले कारकून पाक्वियस घरी आले. असे नाणे कुठे आहे ते मी खरे सांगितले. ते म्हणाले, “मग काढा की बाहेर. हुकुमात मेलेल्यांना सवलत नाही, आजोबा.” थडगे उघडण्यास पुरोहितांची परवानगी लागते. पुरोहित आपले पत्र मागतात. आपले कार्यालय पुरोहितांचे मागते.

३. नाण्यावरचे दोघे भाऊ नखाएवढे असून अगदी एकसारखे आहेत. कार्यालयातील तशाच नाण्यावर धाकटे कोणते, असे मी विचारले. पाक्वियस यांनी ते उजेडात धरले, फिरवले आणि म्हणाले, “तुमचं तुम्ही बघा.” चुकून हयात सम्राट खरवडले गेल्यास मान माझी जाईल. तरी खरवडणे झालेच, तर ते आपल्या हस्ते व्हावे.

४. शेजारी म्हणतात, बाद नाणे नावाडी घेणार नाही. हुकूम पलीकडे लागू आहे का, असे विचारता पाक्वियस म्हणाले, “नावाडी आमच्या खात्यात येत नाही.” तसे झाल्यास तिला काठावरच थांबावे लागेल, आणि तिला गर्दीत उभे राहणे सोसत नसे.

५. नावाड्याने नाणे घेतले आणि ती उतरून गेली, असे मी सध्या धरून चाललो आहे. थडगे उघडून नाणे तिथेच सापडले, तर आपले काम होईल. पण ती अजून अलीकडेच आहे, हे मला समजेल. ते समजल्यावर मी घरी जाऊन काय करावे, याचे कलम हुकुमात नाही.

थडगे बंद राहू द्यावे, ही विनंती.

आपल्या अखत्यारीतील नम्र रहिवासी,
गायस नोवेल्लियस
मार्चचा पहिला दिवस