होळीत टाकायची तसबीर

बाळकुम, फाल्गुन शुद्ध एकादशी, शके १८११

प्रिय पंढरी,

अक्षर वेडंवाकडं आहे, पण माझंच आहे. तुझी जुनी अंकलिपी पुढ्यात ठेवून वर्षभर गिरवलं.

तुझ्या बापाबरोबर मीठ ओढणारा धोंडीबा आठ दिवस तापाने पडलाय. तू गेल्या साली आणलेल्या चिताऱ्याने मिठागरावर एकाच तसबिरीत दोघांनाच काढलं, तुझ्या बापाला आणि धोंडीबाला. तुझा बाप महिन्याभरात गेला, आता हा अंथरुणावर. गाव म्हणतं, माणूस रंगात उतरवला की अंगात उरत नाही. काल रघु पाटील दारात येऊन म्हणाला, "वहिनी, पौर्णिमेला ती तसबीर होळीत टाकायची. तू देतेस, की आम्ही नेऊ?" विचार करते म्हटलं, तर हसला. बायका वाचायला लागल्या की विचारही करतात वाटतं, म्हणाला.

मलाही गावासारखंच वाटत होतं. चिताऱ्याने तसबीर धाडली तशी मी ती भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. पाटील गेल्यावर, जाळण्याआधी एकदा पाहावी म्हणून उजेडात आणली. डोक्याला फडकं, कमरेला रुमाल, मागे मिठाच्या राशी. मीठ ओढणारा माणूस फावडं पुढे धरतो, तू लहानपणापासून पाहिलंयस. तुझा बाप फावड्यावर टेकलाय. सगळा भार दांड्यावर. पाय नडगीपर्यंत सुजलेले. त्या पायांना मी रोज तेल लावत होते आणि खाऱ्या पाण्याने सुजलेत म्हणत होते. चिताऱ्याने दिसलं तसं काढलं. म्हणजे चित्राआधीच तो आजारी होता, आणि उभं राहवत नसताना आपल्याला कळू देत नव्हता.

आज पाटलाला बोलावून दाखवलं. चितारी काय, कसंही काढतात, म्हणाला. चित्र काढताना तू तिथे उभा होतास, पौर्णिमेआधी ये. तू सांगितलंस तर ऐकतील, नाहीतर तसबीर कल्याणला घेऊन जाशील.

तिरडी उचलताना चारचौघांत मी म्हणाले होते, तूच बापाला चिताऱ्यापुढे उभं केलंस, तूच मारलंस. दहावं करून कल्याणला गेलास, तो परत आला नाहीस. खरं सांगते, ही अक्षरं मी तुला बोल लावायलाच शिकत होते. पौर्णिमेपर्यंत तसबीर पाठीशी घेऊन दारात बसेन. त्यांनी ओढून नेली तर माझ्याने अडवणं व्हायचं नाही. मग हे पत्र जपून ठेव. तू बापाला मारलं नाहीस, हे त्यात तुझ्या आईच्या हातचं आहे.

तुझी वाट बघणारी, तुझीच
आई