दादाच्या खोलीतली ओल

तीर्थरूप दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तितकाच वाकून). तुझे गुडघे कसे आहेत? खोकल्याचं विचारत नाही, कारण फोनवर तू 'अजिबात नाही' म्हणतोस आणि मागोमाग तो स्वतःच उत्तर देतो. इकडे आम्हा सगळ्यांची प्रकृती उत्तम. तुझ्यासाठी स्वयंपाकघरामागे बांधलेली नवी खोली तेवढी आजारी आहे.

भिंतीची ओल गेली की येतो, माझ्या गुडघ्यांना ओल सोसत नाही, असं तू कळवलंस तेव्हापासून मी त्या ओलीच्या हात धुऊन मागे लागले आहे. (वहिनी गेल्यापासूनची तुझी न येण्याची सगळी कारणं मला पाठ आहेत, पण या वेळचं कारण भिंतीवर चांगलं ताटाएवढं दिसतंय, त्यामुळे मला बोलायला तोंड नाही.) गवंडी आला, त्याने भिंतीला टिचक्या मारल्या आणि पाइप गळतोय म्हणाला. प्लंबर आला, त्याने दिवसभर घराचं पाणी बंद ठेवून आम्हाला बिनआंघोळीचं बसवलं आणि गिलावा कच्चा आहे म्हणाला. मग दोघांना एकदम बोलावलं, तर चूक रंगाऱ्याची यावर दोघांचं झटक्यात एकमत झालं. रंगारी तिथे नव्हता ना!

आमच्या ह्यांना (घरबसल्या सर्व विषयांतले तज्ज्ञ) पाणी बाहेरून येतंय असा संशय. मला अंगणात उभं करून भिंतीवर रबरी नळीने पाणी मारायला लावलं आणि स्वतः आत भिंतीला कान लावून उभे राहिले. पाणी येतंय का, असं मी ओरडून विचारलं, तर आतून "आलं! आलं!" अशी आरोळी. धावत गेले, तर भिंत होती तशीच आणि हे नखशिखांत भिजलेले. खिडकी उघडी राहिली होती. त्या दिवसापासून ती खिडकी कायम बंद ठेवायचा हुकूम निघाला.

शेवटी सूनबाईने डागावर प्लॅस्टिकचा जाड तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून बसवला. पाणी त्याच्या मागे जमलं तर ते भिंतीतून येतंय, पुढे जमलं तर खोलीतल्या हवेतून, असं तिचं म्हणणं. सकाळी पाहतो तर मागे कोरडं ठणठणीत आणि पुढच्या अंगाला थेंबच थेंब! म्हणजे गवंडी, प्लंबर, रंगारी तिघेही निर्दोष. दमटपणा घरच्याच कुणाचा तरी. झडती घेतली, तर ह्यांनी कपाटाआड गुपचूप दोरी बांधून धुतलेले कपडे वाळत घातलेले (अंगणापर्यंत जायचा कंटाळा). दोरी मी स्वतः कापली आणि घरात सगळ्यांनी ह्यांना यथेच्छ फैलावर घेतलं. तेव्हा आता निर्धास्त हो आणि बॅग भरायला घे.

तुझी,
धाकटी

ता. क. दोरी कापली, तरी डाग आहे तिथेच आहे. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

आणखी एक ता. क. (हे ह्यांच्या कानावर घालू नकोस.) वाफ माझी आहे. रोज दुपारी सगळे लवंडले की मी विजेची किटली घेऊन तुझ्या खोलीत जाते, दार लावते आणि चहा करते. दोन कप. थोडा वेळ तुझ्याशी भांडते, तू ऐकत नाहीस, मग तुझाही चहा मीच पिते. मला तुझी फार आठवण येते रे दादा.

आता पंचाईत अशी, की ओल जाईपर्यंत तू येणार नाहीस आणि तू येईपर्यंत माझी किटली काही थांबणार नाही. शिवाय भर थंडीत खिडक्या सताड उघडून घरादाराला शिंका आणणारा माणूस आपल्या घराण्यात एकच, तो म्हणजे तू; तू आलास की ती बंद खिडकी उघडेल आणि ओलही जाईल. तेव्हा ये, आणि भांडायला समोर बस. तुझ्या खुर्चीवर मी कुणाला बसू दिलेलं नाही. ती अगदी कोरडी आहे.