उंदरांवरचा पाठ

३ मार्च

ऐन शेवटच्या वाक्याला शिंक! पाठाचं रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून. कपाटाची दारं उघडायची, कोटांमध्ये तोंड खुपसायचं आणि बोलायचं — म्हणजे आवाज घुमत नाही. शेजाऱ्यांना वाटत असेल, ही बाई कपड्यांशी गप्पा मारते.

आजचा पाठ कंपवातावरचा. नवं संशोधन आलंय: आतड्यातल्या एका जातीच्या जंतूंमुळे उंदरांची थरथर कमी झाली. काम छान आहे, पण उंदरांवरचं. तसं मी पाठात स्वच्छ सांगितलंय. आत्याला आवडेल. तिचाच आजार.

६ मार्च

पाठाचा व्हिडिओ आमच्या विज्ञानाच्या संकेतस्थळावर चढला. संपादकांनी — आम्ही त्यांच्या पाठीमागे त्यांना घाईसाहेब म्हणतो — शीर्षक परस्पर बदललं. मी दिलं होतं, ‘कंपवात आणि आतड्यातले जंतू’. झळकतंय काय? ‘कंपवाताच्या गोळ्या आता विसरा?’

फोन केला. “अहो, हे काय!”

“प्रश्नचिन्ह आहे ना शेवटी! विचारायला काय हरकत?”

हरकत आहे, म्हणायला हवं होतं. मी “बरं” म्हणाले. पाठ धडाधड पाहिला जातोय. इतका आजवर माझा एकही पाहिला गेला नाही. थोडी खूशही आहे — इथे कोण वाचतंय, लिहून टाकते.

१० मार्च

चैन नाही. ओटा पुसला. पुन्हा पुसला. वाचायला बसले तर एकच ओळ वाचतेय.

पाठाखाली लोक विचारतायत, हे जंतू मिळतात कुठे? एकीने लिहिलंय, “आईच्या गोळ्या कमी करू का?” नको, नको! डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही करू नका — असं लगेच उत्तर लिहिलं. पण जे विचारत नाहीत त्यांचं काय? दर थोड्या वेळाने जाऊन बघतेय. दुसरं काही सुचतच नाही.

११ मार्च

आत्या पडली.

१२ मार्च

न्हाणीघरात पडली. उजवं मनगट मोडलंय.

आत्या माझ्या थोरल्या भावाकडे असते. दादा दवाखान्याच्या जिन्यातच भेटला. “तिने गोळ्या बंद केल्या होत्या. कोणाला न सांगता. तुझा पाठ पाहून.” आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर बरं झालं असतं.

आत आत्या लाकडासारखी आखडलेली. जन्मभर नकाशे काढलेली बाई, पट्टीशिवाय सरळ रेघ मारायची — तिला पाण्याचा पेला तोंडाशी नेता येईना. डॉक्टरांनी विचारलं, “गोळ्या बंद करायला कोणी सांगितलं?”

आत्याने डावा हात कसाबसा उचलून माझ्याकडे बोट केलं. “ही माझी भाची. विज्ञान शिकवते. आता गरज नाही म्हणाली.”

डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिल्या. मी म्हणाले, “ते उंदरांबद्दल होतं...” कुठे तोंड लपवू असं झालं.

१४ मार्च

कचेरीत गेले, पाठ काढून टाका म्हणाले. घाईसाहेब म्हणाले, “काढायचा कशाला? खाली दोन ओळींची दुरुस्ती टाकू.”

“त्या दोन ओळी कोण वाचणार?”

“अहो, आपला सगळ्यात जास्त चाललेला पाठ आहे हा!”

“म्हणूनच काढा. आवाज माझा आहे त्यात. काढत नसाल तर पुढचे पाठ दुसऱ्या कोणाकडून करून घ्या.”

टेबलाची कड धरून उभी होते. शेवटी त्यांनी पाठ काढला!

घरी येऊन पुन्हा कपाटात डोकं. नवा पाठ केला, बातमीतलं संशोधन कसं वाचावं यावर. प्रयोग कोणावर झाला? किती जणांवर? दुसऱ्या कोणी तो करून पाहिला का? आणि शेवटी: “मागच्या पाठाचं शीर्षक चुकीचं होतं. ते वाचून माझ्या घरातल्या माणसाने गोळ्या सोडल्या आणि ते पडलं. गोळ्या सोडू नका.” आवाज थरथरला. तसाच ठेवला.

१६ मार्च

नव्या पाठाला कुत्रंही विचारत नाही.

१८ मार्च

आत्या घरी आली. गोळ्या सुरू. मी रोज जाते, माझ्या हाताने देते, गिळेपर्यंत समोर उभी राहते. जीभ बाहेर काढ म्हणते! “तुझ्यापेक्षा पोलीस परवडले,” आत्या म्हणाली.

गुण येतोय. आज एका हाताने स्वेटरची बटणं लावली तिने. दादाही माझ्याशी धड बोलला, चहा घेऊन जा म्हणाला. तरी घरी आले की माझ्या येरझाऱ्या सुरू. पडद्यापासून दारापर्यंत, दारापासून पडद्यापर्यंत. तिने बोट केलं होतं ते डोळ्यांसमोरून हलत नाही.

२१ मार्च

दादा बाहेर पडला तशी आत्याने मला जवळ बोलावलं. “तुझा तो पाठ मी पाहिलाच नाही गं. दादा शीर्षक वाचून दाखवत होता, तेवढंच कानावर पडलं.”

“मग गोळ्या का सोडल्यास?”

“गोळी घेतली की त्या खुर्चीवर एक बाई येऊन बसते. नुसती बघत राहते. खरं सांगितलं असतं तर म्हातारीला वेड लागलं म्हणाला असतात. तुझं नाव घेतलं की पुढे कोणी काही विचारत नाही.”

आणि मी रोज समोर उभी राहून गिळायला लावत होते!

डॉक्टरांना लगेच फोन लावला. गोळ्यांमुळे असे भास होऊ शकतात म्हणाल्या, उद्याच घेऊन या, मात्रा बदलू. मग आत्याशेजारी बसले. खुर्ची रिकामी होती.

“आत्ता आहे?”

आत्याने मानेनेच हो म्हटलं. आणि मग त्या बाईबद्दल भडाभडा बोलायला लागली.