उपाशी कार्ड

४ तारीख, सोमवार

आलो एकदाचा! नवी नोकरी, नवं गाव, आणि भाड्याची खोली मिळेपर्यंत ताईचं घर. मला दिलेली खोली ऐसपैस, भरपूर उजेडाची. कोपऱ्यात ताईचा कॉम्प्युटर. लोकांची घरं सजवल्यावर कशी दिसतील याची चित्रं ती त्यावर बनवते. भाऊजींनी तिच्यासाठी नवं ग्राफिक्स कार्ड आणून स्वतःच्या हाताने बसवलंय. मॉनिटरची वायर मात्र जुन्याच भोकात ठेवून हे गृहस्थ दोन दिवस काळ्या पडद्यापुढे बसले होते म्हणे. मी पोट धरून हसलो. आता पडदा दिसतो, पण काम ऐन रंगात आलं की मशीन फट्‌कन बंद पडतं.

५, मंगळवार

कारण पाच मिनिटांत सापडलं. कार्ड दांडगं आणि त्याला वीज देणारा डबा मरतुकडा. दुकानदाराने भाऊजींना बजावलं होतं म्हणे, की मोठा पॉवर सप्लाय घ्या, कार्ड उपाशी ठेवू नका, नाहीतर ते घरातलंच खातं. आणि हे भाऊजींनी मला गंभीर चेहऱ्याने सांगावं! दुकानदाराला माल खपवायचा असतो एवढंही ज्याला कळत नाही, त्याच्या गळ्यात आमची ताई बांधली. मी सॉफ्टवेअरमध्ये जाऊन कार्डाची वीज सत्तर टक्क्यांवर आणली. मशीन दिवसभर बंद पडलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं ताई म्हणाली. म्हणू दे.

७, गुरुवार

टेबलाच्या लाकडावरच्या रेषा गेल्यात. हात फिरवला तर काचेसारखं गुळगुळीत लागतं. भिंतीवरच्या घड्याळातले आकडेही नाहीत. कार्डाने खाल्लं, हा भाऊजींचा शोध! मी त्यांना चष्मा बदलायला सांगितलं. ताईच्या चित्रातलं टेबल मात्र अगदी खरं दिसतं, लाकडाच्या रेषांसकट. भाऊजींची जिरवायला मी वीज मुद्दाम पन्नासवर आणली.

९, शनिवार

ताईच्या बोटांवरचे ठसे गेले. तिचा फोन तिच्या बोटाने उघडत नाही. भुवयाही विरळ झाल्यात. तिच्या आजच्या चित्रात खुर्चीवर एक बाई बसली आहे. ती ताईने काढलेली नाही, पण भुवया ताईच्या आहेत.

नवा पॉवर सप्लाय आणतो म्हणून भाऊजी पायात चपला घालत होते. मीच अडवलं. मी असताना त्या दुकानदाराचं ऐकायचं? मला भीती वाटते आहे. पण त्या माणसासमोर कबूल करणार नाही.

१०, रविवार, सकाळ

भाऊजी न विचारताच दुकानात गेले. मी वीज शंभरवर नेली. मशीन बंद पडलं. जेमतेम दहा सेकंद. तेवढा वेळ ताईचा श्वास बंद होता — उभ्याउभ्या कोसळली — मशीन सुरू झालं तेव्हा परत श्वास घेतला.

म्हणजे ती त्यात आहे. वीज वाढवली तर मशीन बंद पडतं. कमी केली तर ते आणखी खातं. आता सत्तरलाही पडदा लुकलुकतो, म्हणून चाळीसवर ठेवलं आहे. ताईला आता डोळे नाहीत.

डबा बदलायचा तरी मशीन बंदच करावं लागतं. हे मंगळवारीच केलं असतं तर —

रविवार, दुपार

भाऊजींना फोन केला. ताईचं हे कॉम्प्युटरनेच केलं, एवढं म्हणालो. ते म्हणाले, आल्याआल्या वायरच ओढून काढतो. नको म्हणणार, तोच माझे ओठ — तोंडच नाही — नुसती कातडी.

जिन्यावर पावलं. त्यांचीच.

भाऊजी, चुकलो. तुमचंच खरं. ही वही तुमच्या तोंडासमोर धरतो आहे, वाचा. मी गाढव. मशीन चालू राहू द्या, ताई आत आहे. मला सोडा, आधी हे वाचा — तिकडे जाऊ नका — भाऊजी, ती वायर ओढू न