पोलक्यातला कागद

सोनपेठ
१९ एप्रिल

प्रिय दादा,

सप्रेम जय भीम. पाकीट पाहून दचकू नकोस, घरी दोघी धडधाकट आहोत. फोनवर चौथ्या मिनिटाला तुझी मीटिंग निघते आणि मला आज चार मिनिटांत आवरायचं नाही, म्हणून हाताने लिहिते आहे. भांडायला बसले आहे असंच समज. तू घेऊन दिलेल्या प्रिंटरपायी आईचा एक कागद गेला आणि आठ दिवस झाले, आई माझ्याशी कामापुरतंच बोलते. कोणता कागद ते सांगणार आहे, पण आधी माझं ऐकून घे, कारण गेलं वर्षभर तू ते ऐकलेलं नाहीस.

तहसीलसमोर मी गाळा घेतला तेव्हाच तुला सांगितलं होतं की मला लेझर हवा. साधा, काळं छापणारा. माझ्याकडे दिवसाला दीडशे-दोनशे कागद निघतात आणि सगळे काळेच असतात: उत्पन्नाचे दाखले, शपथपत्रं, सातबारे, पीकविम्याचे अर्ज. तू "बघतो" म्हणालास आणि दोन दिवसांनी मला कुठल्याशा साइटवरचा एक तक्ता पाठवलास. एका बाजूला इंकजेट, एका बाजूला लेझर, खाली लिहिलेलं की घरी वापरायचा तर हा घ्या, धंद्याला लागणार असेल तर तो. आणि त्याखाली तुझं वाक्य, "तुझं काय पिया, घरच्यासारखंच आहे, इंकजेट बास झाला." ते वाक्य माझ्या फोनमध्ये अजून आहे. मी सकाळी नऊला शटर उघडते आणि सहा वाजता पाठ धरून घरी येते. बाबा गेल्यापासून आम्ही दोघी त्याच शटरवर जेवतो. तरी ते घरच्यासारखं. तू पलंगावर लोड घेऊन, मांडीवर लॅपटॉप ठेवून बसतोस, ते मात्र ऑफिस.

मग खोकं आलं. ट्रॅव्हल्समधून परळीला उतरवून घेतलं आणि तिथून एसटीत मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर विचारत होता, बाळ आहे का काय. खोटं कशाला बोलू, उघडलं तेव्हा मला आनंद झाला होता. चार बाटल्यांतली चार रंगांची शाई टाक्यांत ओतली आणि पहिला फोटो बाबांचा छापला. चांगला आला. तो अजून गाळ्यात बुद्धवंदनेच्या चौकटीशेजारी लावलेला आहे. पण फोटोंवर माझं दुकान चालत नाही रे. गेल्या मे महिन्यात मावशीकडच्या लग्नाला पाच दिवस गेले आणि आले तर मशीनच्या बारीक छिद्रांत शाई वाळून बसलेली. आपल्याकडचा मे म्हणजे पाटा अंगणात ठेवला तर त्यावर पापड भाजावा. साफ करायचं बटण दाबलं की ते आधी स्वतःच शाई पितं, मग एक पट्टी उमटवतं, एक गाळतं, पुन्हा पितं. परभणीचा मेकॅनिक म्हणाला, "मॅडम, ह्याला रोज चालवावं लागतंय." म्हणजे म्हशीसारखं, काम असो नसो, रोज पिळायचं. तुला फोन केला तर तू म्हणालास, रिव्ह्यू तर चांगले होते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

तुझ्या मशीनची चांगली बाजूही लिहिते, नाहीतर म्हणशील एकतर्फी बोलते. लाइट गेली की ते बिचारं इन्व्हर्टरवर चालतं. लेझर कागद तापवून पावडर चिकटवतो, त्याला इतका करंट लागतो की इन्व्हर्टर किंचाळून बंद पडतो. हे मला आता कळलं. तुझ्या तक्त्यात तेही नव्हतं. आणि त्या तक्त्यात आणखी एक रकाना नव्हता, सगळ्यात मोठा. मशीनमधून निघालेला कागद पुढे कुठे जातो?

तुमच्याकडे फाइलमध्ये जात असेल. आमच्याकडे तो पोलक्यात जातो. बाईमाणसाला खिसा नसतो हे त्या साइटवाल्याला कुणी सांगितलेलं नाही. नाहीतर धोतराच्या निरीत जातो, पटक्यात जातो, बाजाराच्या पिशवीत ओल्या मेथीच्या जुडीखाली जातो. आणि एवढं करून तहसीलला पोचलाच तर क्लार्क अंगठा जिभेला लावून उलटतो. कस्तुराबाईंचं ऐक. लेकीच्या स्कॉलरशिपचं शपथपत्र माझ्याकडून छापून नेलं, चार घड्या घालून पोलक्यात ठेवलं आणि उन्हात चालत गावी गेल्या. दुसऱ्या दिवशी आणलं तेव्हा लेकीच्या नावाच्या जागी निळसर डाग होता. क्लार्कने वाचता येत नाही म्हणून परत केलं आणि तारीख टळली. गाळ्यात येऊन त्या ओरडल्या नाहीत. खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "बाई, आमी उन्हात राबनारी मान्सं. तुज्या मशीनचं अक्षर घामाला बी टिकत न्हाई, मंग ते आमच्या काय कामाचं?" चार माणसं बसली होती. मला कुठे तोंड लपवू असं झालं. लेकीचा अर्ज पुढच्या फेरीत बसला, पण कस्तुराबाई आता पलीकडच्या दुकानात जातात. माझ्यासमोरून जातात.

तेव्हा मी ठरवलं आणि जुना का होईना, लेझर आणला. तुला विचारलं नाही. आता लाइट असली की लेझर आणि फोटो असला की तुझा, असं दोघांचं नांदणं चालू आहे. लेझरचा कागद गरम निघतो. पहिल्याच दिवशी मी त्याच्यावर तांब्यातलं पाणी ओतून पाहिलं. अक्षर हललं नाही. एकटीच हसत बसले.

आता आईकडे येते. तिचे कान किती गेलेत हे तुला माहीत नाही, कारण फोनवर ती हुशारीने "हां, हां, जेवलास का?" एवढंच म्हणते. तू काय बोलतोस ते तिला ऐकू येत नाही. फोन ठेवला की मला विचारते, काय म्हणत होता. मी चार गोष्टी पदरच्या घालून सांगते. तू औरंगाबादला होस्टेलला होतास तेव्हाची तुझी अंतर्देशीय पत्रं आठवतात? ती वाचायला यावीत म्हणून आई कंदील घेऊन साक्षरता वर्गाला गेली होती. तुझी मागे झुकलेली अक्षरं बोटाने धरून, एकेक जोडून वाचायची. प्रत्येक पत्र पुढचं येईपर्यंत पोलक्यात असायचं. बॉलपेनची ती पत्रं घामाने पिवळी पडली, पण त्यातलं एक अक्षर गेलं नाही. पत्र्याच्या पेटीत सगळी आहेत, मी परवाच पाहिली.

जानेवारीपासून तिच्या पोलक्यात एक नवा कागद होता, तुझ्या मशीनवर छापलेला. नको म्हटलं तरी ती यंदाही हळद शिजवायला गेली. वर ऊन, खाली चुलाण आणि तोंडावर वाफ. संध्याकाळी घरी येऊन तिने कागद काढला तर हळदीने पिवळा झालेला आणि त्यात शाईचा जांभळा लगदा. तिने तो चुलीपाशी वाळवला, उजेडाला धरला, पुन्हा पुन्हा उलगडला. रडली नाही. मला म्हणाली, "कायबी दिसंना झालंय गं. माझेच डोळे गेले का?" दादा, मला तेव्हा तुझा इतका राग आला की तू समोर असतास तर ते मशीन तुझ्या अंगावर टाकलं असतं. मी दुसऱ्या दिवशी तोच मजकूर लेझरवर छापून तिला दिला, काळा कुळकुळीत. आता घामात जा, पावसात जा, काही होत नाही म्हटलं. तिने तो हातात घेतला, वाचला आणि पहिला कागद पोलक्यातून पुन्हा बाहेर काढला. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते.

तो कागद म्हणजे तुझं पत्र. तू म्हणशील मी कधी लिहिलं. नाहीच लिहिलंस. तीन वर्षांत मिक्सर आला, पंखा आला, प्रिंटर आला, चार ओळी आल्या नाहीत. आई रोज विचारायची, म्हणून जानेवारीत मीच टाइप केलं, खाली आई तुला हाक मारते तसं 'दीपा' असं तुझं नाव घातलं, तुझा रंगीत फोटो छापला आणि कंपनीच्या कॉम्प्युटरवरून आलंय म्हणून तिला दिलं. "साहेब झालाय, आता हातानं कशाला लिव्हतोय," असं म्हणून तिने ते मानलंही. अंबाडीच्या भाजीची आठवण येते असं मी लिहिलं. लवकर येतो असं लिहिलं नाही, ते कबूल करणं माझ्या हातात नव्हतं. मी चुकले ते दुसऱ्यांदा छापताना. तिने दोन्ही कागद मांडीवर शेजारी ठेवले आणि शांतपणे म्हणाली, "त्याचं पत्र तुज्या मशीनमधून दोन-दोनदा निघतंय व्हय? लय चांगलं लिव्हलंस पिया. पन हे माज्या दीपाचं न्हाई." लेझरचा तो कागद तिने घडी करून मला परत दिला. वाळलेला, काही न दिसणारा पहिला मात्र तिने टाकलेला नाही, तो अजून तिच्याजवळच आहे. म्हणून लिहिते आहे, दादा. सोबत घरचा पत्ता घातलेलं आणि तिकीट लावलेलं पाकीट आहे, कोरे दोन कागद आहेत, माझ्या गाळ्यातलं बॉलपेन आहे. काय लिहायचं ते मी सांगणार नाही, या वेळी तुझं तूच लिही. फक्त टाइप करू नकोस आणि शाईच्या पेनाने लिहू नकोस. ती ते पोलक्यात ठेवणार आहे.

रागावलेली, तरी तुझीच,
संघप्रिया